नूट रॉकनी : एका झेलाची किंमत

१ नोव्हेंबर १९१३ या दिवशी अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या मैदानावर तिथल्या लष्करी अकादमीचा संघ आणि इंडियाना राज्यातल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचा संघ समोरासमोर आले. आर्मीचा संघ त्या मोसमात तोवर हरलेला नव्हता. नोटर डेमचं नाव पूर्वेकडच्या लोकांना जेमतेम माहीत होतं. नोटर डेमने तो सामना ३५–१३ असा जिंकला. अमेरिकी फुटबॉलच्या इतिहासात हा सामना एका झेल घेणाऱ्या खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. त्याचं नाव नूट रॉकनी.

गंमत अशी, की त्या दिवशी नोटर डेमने पाच टचडाउन केले आणि त्यांतला फक्त एक रॉकनीचा होता. दोन रे आयकनलॉबने केले, दोन जो प्लिस्काने. नुसत्या धावफलकाकडे पाहिलं तर रॉकनी तिसरा. तरी सामना फिरला तो त्याच्यामुळे. हे कसं, ते सांगायचं तर आधी खेळ सांगावा लागेल आणि मग माणूस.

हा फुटबॉल आपण खेळतो तो नव्हे. यात चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळतात. मैदान १०० यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. समोरचे अकराजण अर्थातच वाटेत उभे असतात आणि अंगावर येऊन पाडतात.

सुरुवातीला चेंडू पुढे फेकायला बंदीच होती. मग काय करणार? सगळ्यांनी एकमेकांना धरून, ढकलून, समोरच्या भिंतीत घुसायचं. यात मुलांची हाडं मोडत, जीवही जात. १९०५ च्या मोसमात अमेरिकी वर्तमानपत्रांनी १८ मृत्यू मोजले. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. बऱ्याच चर्चेनंतर १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी मिळाली. यालाच फॉरवर्ड पास म्हणतात. फेकणारा एक आणि पुढे धावत जाऊन झेल घेणारा दुसरा. हा दुसरा म्हणजे रिसीव्हर.

परवानगी मिळाली खरी, पण अटी जाचक होत्या. पास कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर चेंडू समोरच्यांना. २० यार्डांपलीकडे फेकायचा नाही. चेंडूही गरगरीत, हातात नीट न बसणारा. त्यामुळे मोठमोठ्या संघांनी पास म्हणजे शेवटचा जुगार असंच धरलं. १९१२ मध्ये लांबीची अट गेली, चेंडू सडपातळ झाला, आणि शेवटच्या रेषेपलीकडे घेतलेला झेलही टचडाउन धरला जाऊ लागला. वाट मोकळी झाली होती. तीवरून चालणारं कोणी हवं होतं.

आता माणूस. खरं सांगायचं तर मी रॉकनीपर्यंत खेळाच्या वाटेने पोचलेच नाही. बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रात पॉलिमरच्या धड्यात निओप्रीन येतं, म्हणजे कृत्रिम रबर. ड्यूपाँ कंपनीने ते तयार केलं ते ज्या संशोधनाच्या आधारावर, ते अ‍ॅसिटिलीनवरचं काम नोटर डेमच्या फादर ज्युलियस न्यूलँड यांचं. त्यांच्याबद्दल वाचताना कळलं, की त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम केलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे केमिस्ट्री सोडली आणि तो फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. चांगल्या गुणांनी पदवी मिळालेला मुलगा प्रयोगशाळा सोडून मैदानावर का गेला, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना.

रॉकनीचा जन्म ४ मार्च १८८८ चा, नॉर्वेतल्या व्हॉस गावचा. वडील लोहारकाम करत आणि घोडागाड्या बनवत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेत गेले आणि मागोमाग कुटुंबही गेलं. हे तेच प्रदर्शन, ज्याच्या जोडीने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. शिकागोच्या गल्ल्यांत तो इंग्रजी शिकला, बेसबॉल आणि फुटबॉल शिकला, धावायला आणि बांबूउडी मारायला लागला.

शाळेनंतर लगेच कॉलेज नशिबात नव्हतं. शिकागोच्या टपाल कार्यालयात त्याने सुमारे चार वर्षं नोकरी केली. पत्रांच्या वर्गवारीचं काम. त्यातून पैसे साठवून, धावण्याच्या शर्यतींतल्या मित्रांच्या आग्रहाने तो १९१० मध्ये नोटर डेमला दाखल झाला. वय २२. वर्गातली बाकीची मुलं अठराची. शिवाय हे ल्युथरन घरातलं पोर, आणि कॉलेज होली क्रॉस संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंचं. डोक्यावर केसही विरळ व्हायला लागलेले.

इथे मी जरा थांबले. दवा बाजारातल्या एका होलसेल दुकानात तीन वर्षं बिलं लिहून मग मी कॉलेजात आले. पहिल्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने मला मॅडम समजून उभं राहून नमस्कार केला होता. त्यामुळे बाविसाव्या वर्षी पहिल्या बाकावर बसलेला रॉकनी कसा दिसत असेल, हे मला कोणी सांगायला नको. उशिरा आलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आपल्याकडे वाया घालवायला वेळ नाही.

रॉकनीने तो घालवला नाही. केमिस्ट्रीचा अभ्यास, पोटासाठी कॉलेजातली कामं, विद्यार्थ्यांच्या नाटकांत भूमिका, वाद्यवृंदात बासरी, मैदानावर बांबूउडी. फुटबॉलमध्ये मात्र पहिल्या खेपेला जमलं नाही. त्याला चेंडू घेऊन भिंतीत घुसणाऱ्या जागेवर उभं केलं होतं आणि तो त्या कामाचा नव्हता. उंची पाच फूट आठ इंच, वजन बेताचं. मग तो रांगेच्या टोकाला, एंड या जागेवर आला. टोकाच्या गड्याला मोकळी जागा मिळते, धावता येतं. १९१३ मध्ये तो संघाचा कर्णधार झाला. चेंडू फेकणारा होता गस डोरे, त्याच्याच खोलीत राहणारा.

त्या उन्हाळ्यात दोघांनी ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट या सरोवरकाठच्या सहलीच्या ठिकाणी नोकरी धरली. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं आणि इतर पडेल ते काम करायचं. सोबत नेला होता एक फुटबॉल. काम संपलं की वाळूत डोरेने फेकायचं आणि रॉकनीने पळायचं. तासन् तास.

ते नेमकं काय शिकत होते हे समजून घेण्यासारखं आहे. तोवरचा रिसीव्हर ठरलेल्या जागी जाऊन उभा राही आणि पोत्यासारखा येणारा चेंडू छातीवर, पोटाशी कवटाळी. थांबलेला माणूस आणि वरून येणारा चेंडू, दोन्ही समोरच्याला दिसत. पाडायला सोपं. रॉकनीने धावता धावता, वेग न मोडता, सैल सोडलेल्या बोटांनी झेल घ्यायचा सराव केला. चेंडू आणि माणूस वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि एका बिंदूला भेटतात. तो बिंदू फक्त फेकणाऱ्याला आणि झेलणाऱ्याला ठाऊक असतो. बचाव करणाऱ्याला तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वाळूत पाय रुततात, त्यामुळे धावणं अवघड. मैदानावर तेच धावणं हलकं झालं असणार. त्याच सीडर पॉइंटला त्याची बॉनी स्किल्सशी ओळख झाली, आणि पुढच्या वर्षी जुलैत त्यांचं लग्न झालं.

नोव्हेंबरात नोटर डेमचे मोजके अठरा खेळाडू रेल्वेचा लांबचा प्रवास करून वेस्ट पॉइंटला पोचले. प्रशिक्षक जेसी हार्पर यांचा बेत ठरलेला होता. रॉकनीनेच पुढे सांगितलं आहे, की सुरुवातीला तो मुद्दाम लंगडत पळत राहिला. लंगड्या गड्याकडे कोण लक्ष देतो? आर्मीच्या ज्या मुलावर त्याची जबाबदारी होती तो निर्धास्त झाला. मग एका क्षणी रॉकनी सुसाट सुटला, डोरेचा चेंडू हवेतून आला, धावत्या हातांत पडला, आणि टचडाउन झाला. जवळपास कोणीही नव्हतं.

खरी गोष्ट इथून सुरू होते. आर्मीने जोर लावून १३–७ अशी आघाडी घेतली, नोटर डेमने पुन्हा पास फेकत मध्यंतराला १४–१३ केलं. आता आर्मीच्या बचावाला निर्णय घेणं भाग होतं. टोकाच्या माणसाला मोकळं सोडलं तर चेंडू डोक्यावरून जातो. म्हणून त्यांनी गडी मागे आणि बाजूला पसरवले. पण पसरले म्हणजे मधली भिंत विरळ झाली. आणि नोटर डेमकडे आयकनलॉब नावाचा धिप्पाड फुलबॅक होता, मधूनच घुसणारा. त्याला आता खिंडार मिळालं. आर्मी मधे गोळा झाली की पास, पसरली की आयकनलॉब. डोरेने त्या दिवशी १७ पैकी १४ पास पूर्ण केले, एकूण २४३ यार्डांचे. त्या काळी हा आकडा ऐकून लोक चक्रावले. उत्तरार्धात आर्मीला एकही गुण मिळाला नाही.

क्रिकेटची भाषा केली तर हे आपल्याला चटकन पटेल. एखादा फलंदाज दोनदा डोक्यावरून षटकार मारतो आणि कप्तान क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवतो. नंतर समोरचा साधा फलंदाज आरामात एकेक धाव चोरत राहतो. त्या एकेरी धावा कोणाच्या? पुस्तकात त्या दुसऱ्याच्या नावावर लागतात.

मी कॉलेजच्या खो-खो संघात आहे. आमच्याकडेही हेच असतं. एकजण पळणाऱ्या गड्याला खांबाकडे रेटत नेते, दिशा बदलायला लावते, आणि अचूक क्षणी खो देते. उठलेली मुलगी हात लावते आणि गडी बाद होतो. टाळ्या हात लावणारीला. आमचे सर मात्र बाकावर बसून एका वहीत आणखी एक खूण करतात, खो कोणी दिला त्याची. मला ती वही धावफलकापेक्षा जास्त खरी वाटते. रिसीव्हरचं मोल मोजायला अशीच वही लागते. त्याने घेतलेले झेल हा त्याच्या कामाचा एक भाग. त्याच्या धाकाने समोरचे जिथे जिथे सरकले आणि त्या रिकाम्या जागेत दुसऱ्यांनी जे केलं, तोही त्याचाच भाग. चेंडू त्याच्याकडे येत नसतानाही तो खेळत असतो.

आर्मीने हा धडा लगेच गिरवला. तो मोसम संपताना त्यांनी नौदल अकादमीला २२–९ असं हरवलं, तेही पासच्या जोरावर. त्या मोसमात आर्मीची हार एकच, नोटर डेमकडून झालेली.

पुढे दंतकथा अशी झाली, की फॉरवर्ड पास रॉकनीने शोधला. ते खरं नाही, आणि रॉकनीने कधी तसा दावाही केला नाही. ५ सप्टेंबर १९०६ ला, नियम बदलल्यावर लगेच, सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला होता. तो वाया गेला. नंतर त्याच सामन्यात जॅक श्नायडरने त्याचा पास झेलून टचडाउन केला. हे श्रेय त्यांचं, असं रॉकनीने स्वतः लिहून ठेवलं. पण सेंट लुइस पडलं आडबाजूला, आणि पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना तिकडे बघायची सवय नव्हती. वेस्ट पॉइंटला बघणारे होते. एखादी गोष्ट पहिल्यांदा कोणी केली आणि ती जगाने पहिल्यांदा कोणाकडून पाहिली, ही दोन नावं नेहमी एक नसतात.

१९१४ मध्ये पदवी घेऊन रॉकनी नोटर डेमलाच राहिला. सकाळी केमिस्ट्री शिकवायची आणि दुपारी हार्पर यांचा सहायक म्हणून मैदानावर जायचं. १९१८ मध्ये हार्पर गेले आणि तो मुख्य प्रशिक्षक झाला. १९३० पर्यंतच्या तेरा मोसमांत त्याच्या संघांनी १०५ सामने जिंकले, १२ हरले, ५ बरोबरीत सुटले. मधल्या काळात, १९२५ मध्ये, त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला.

त्याच्या प्रशिक्षणातला जो भाग मला आवडतो, तो या आकड्यांत नाही. १९२४ च्या संघात चार हलके पण वीजेसारखे खेळाडू होते, स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर आणि लेडन. पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी त्यांना चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि ते देशभर गाजले. त्यांच्या पुढे उभं राहून वाट काढून देणाऱ्या सातजणांना लोक गमतीने सात खेचरं म्हणू लागले. सांगतात, की घोडेस्वारांच्या डोक्यात हवा जाते आहे असं दिसल्यावर रॉकनीने एकदा त्यांना त्या सातजणांशिवाय, राखीव रांगेच्या मागे खेळायला उतरवलं. चौघांना हातभर पुढे जाता येईना. मग त्याने खेचरांना आत पाठवलं. भाषण देण्याची गरज उरली नाही. तो मोसम संघाने एकही सामना न हरता संपवला आणि १ जानेवारी १९२५ च्या रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला २७–१० असं हरवलं.

जॉर्ज गिपची गोष्ट तर चित्रपटामुळे सगळ्या अमेरिकेला पाठ आहे. रॉकनीचा हा सर्वांत गुणी खेळाडू १९२० च्या डिसेंबरात घशाच्या संसर्गाने आणि न्यूमोनियाने पंचविसाव्या वर्षी गेला. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आठ वर्षांनी, १० नोव्हेंबर १९२८ ला, आर्मीविरुद्धच्या सामन्यात रॉकनीने आपल्या थकलेल्या संघाला गिपची शेवटची इच्छा सांगितली, की कधी फार कठीण वेळ आली तर त्याच्यासाठी एक सामना जिंकावा. गिप खरंच तसं बोलला होता का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला त्या दिवशीची दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ६–६ अशी बरोबरी असताना रॉकनीने बाकावरून जॉनी ओब्रायन नावाच्या उंच, अडथळ्यांच्या शर्यती पळणाऱ्या मुलाला आत पाठवलं. ओब्रायन धावला, त्याने एक पास झेलला, टचडाउन केला आणि बाहेर येऊन बसला. सामना १२–६ असा जिंकला. त्यानंतर त्याला एका चालीचा ओब्रायन असंच नाव पडलं. वर्षभर बाकावर बसलेल्या मुलाचा नेमका उपयोग कोणत्या क्षणी आहे हे ओळखायला, स्वतः कधीतरी टोकाला उभं राहून चेंडूची वाट पाहिलेला माणूसच लागतो, असं मला वाटतं.

१९२९ मध्ये पायाच्या रक्तवाहिनीच्या दुखण्याने रॉकनी आजारी पडला आणि चाकाच्या खुर्चीतून प्रशिक्षण देत राहिला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही त्याचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

३१ मार्च १९३१ ला एका चित्रपटाच्या कामासाठी तो विमानाने लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅन्ससमधल्या बझार गावाजवळ विमानाचा पंख हवेतच तुटला. आठहीजण ठार झाले. रॉकनी ४३ वर्षांचा होता. विमान फॉकर कंपनीचं, त्याचे पंख लाकडी. आत ओल शिरून लाकडाचे थर जोडणारा गोंद कमजोर झाला होता, असं चौकशीत पुढे आलं. केमिस्ट्री शिकवलेल्या माणसाचा जीव एका सांध्याच्या गोंदाने घेतला, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्याच्या मरणाने देश इतका हादरला, की अपघाताची कारणं लोकांसमोर मांडणं सरकारला भाग पडलं. तशा विमानांची उड्डाणं काही काळ बंद झाली, तपासण्या कडक झाल्या, आणि विमान कंपन्या लाकूड सोडून संपूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. त्या दिवसापासून आजवर किती प्रवासी सुखरूप उतरले, त्यांतल्या कितीजणांना हे नाव ठाऊक असेल? त्यांनी ते ऐकलेलंही नसणार, आणि तरी त्यांच्या प्रवासात रॉकनीचा वाटा आहे. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर आयकनलॉब रिकाम्या जागेतून धावत गेला होता, तेव्हा चेंडू रॉकनीच्या हातात नव्हता. ती जागा मात्र त्याने करून दिली होती.